टोपीतला अर्थ

शब्दांच्या खेळात कुणाचं काही जात नाही, असं म्हणणारं माणूस मला भेटलं तर मी त्याला समोर बसवून ही गोष्ट ऐकवते. पत्त्यांत घरं बुडतात, कोंबड्यांच्या झुंजीवरून डोकी फुटतात, पण शब्दांचा खेळ म्हणजे शहाण्यांची करमणूक, असं आमचे मोठे गुरुजी म्हणत. मी तो खेळ घाटंजीकडच्या एका शाळेत दोन वर्षं खेळले. त्यात एकदाच जिंकले, आणि त्या जिंकण्याचा भुर्दंड जिनं भरला ती खेळायला बसलीसुद्धा नव्हती.

आधी खेळ सांगते. शनिवारी शाळा सकाळची. मुलं घरी गेली की आम्ही सहा जण मोठ्या गुरुजींच्या खोलीत जमायचो. स्वतः मोठे गुरुजी, चार गुरुजी आणि एकटी बाई म्हणजे मी. मोठ्या गुरुजींकडे लाल कापडात बांधलेला जाडजूड शब्दकोश होता. त्यातून ते कुणाच्या बापजन्मी ऐकण्यात आला नसेल असा एक शब्द काढत. आम्ही प्रत्येकानं त्याचा मनानं रचलेला, पण खरा वाटेल असा अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. खरा अर्थ कोशातून उतरवून मोठे गुरुजी त्यात टाकायचे. सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या काळ्या टोपीत. मग एकेक वाचायची आणि हात वर करून ओळखायचं, खरी कुठली. ज्याची थाप सगळ्यांत जास्त लोकांना पटली तो जिंकला. त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात पुढच्या शनिवारपर्यंत राहायचं, आणि आठवडाभर मुलंही ते वाचायची.

माझं नाव तिथं कधी लागलं नाही. कसं लागणार? एकदा शब्द निघाला, कुणगा. मी लिहिलं, घरात शिरून भाकर पळवणारं कुत्रं. निघाला भातशेतीचा लहानसा तुकडा, कोकणातला. मोठे गुरुजी पोट धरून हसले आणि म्हणाले की बाई, इतका साधा शब्द तुम्हाला ठाऊक नाही. आमच्याकडे काळ्या मातीत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी. भाताचे तुकडे मी कुठं पाहणार होते? मी मग माझ्या बापाच्या वावरातला शब्द दिला, उलंगवाडी. कापसाचा शेवटचा वेचा झाला, वावर रिकामं झालं, की आम्ही उलंगवाडी झाली म्हणतो. मोठे गुरुजी म्हणाले, हे बहुधा एखाद्या गावाचं नाव असावं. अर्थ सांगितला तर हसले नाहीत, नुसते म्हणाले, "बोलीतला दिसतो." त्यांना न आलेला शब्द बोलीतला, आणि मला न आलेला तो माझं अज्ञान. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

छप्पन साली राज्य बदललं तेव्हा मी यवतमाळला शिकत होते. तोवर आमची राजधानी नागपूर, एका रात्रीत मुंबई झाली. पुढं हळूहळू पुस्तकं बदलली, साहेब बदलले, आणि पुण्याकडून बदलून आलेले साहेब आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसायला लागले. आमचे मोठे गुरुजी तसेच आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावंच लागतं, आणि त्यानं माझा राग जास्तच वाढतो. पावसात स्वतःची छत्री द्यायचे. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "मले खडू द्या" म्हणाले, तर दारात उभं राहून चाळीस पोरांदेखत त्यांनी मला तीनदा "मला, मला, मला" म्हणायला लावलं. पोरं हसली. मी म्हटलं, आणि मनात म्हटलं की बच्चमजी, एक दिवस तुमचंही हसं करीन.

आता त्या मुलीचं सांगते. ती जवळच्या तांड्यावरची, बंजाऱ्यांची. तिचे आजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख फिरले, बापानं तांड्यापाशीच दहा एकर करून पऱ्हाटी लावली, आणि ती त्या तांड्यावरून सातवी पास झालेली पहिली मुलगी. सतरा वर्षांची. तिला मास्तरीण व्हायचं होतं, आणि तेही तांड्यावरच्याच शाळेत. त्यासाठी यवतमाळला प्रशिक्षणाला निवड व्हावी लागायची. बापानं सांगून ठेवलं होतं, निवड झाली तर सोयरिकीला दोन वर्षं थांबवतो, नाही झाली तर येत्या वैशाखात लग्न. बाप शब्दाचा पक्का होता, दोन्ही बाजूंनी. म्हणून ती शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे तयारीला यायची. मी तिला गणित शिकवायचे, भूगोल शिकवायचे, आणि देवा शपथ, मीच तिला सांगायचे की मले नाही, मला म्हणायचं.

ती व्हरांड्यात वही घेऊन बसलेली मोठ्या गुरुजींना दिसली, आणि त्यांच्या डोक्यात आलं की हिच्या गोर, म्हणजे बंजारा, बोलीतले शब्द खेळाला नामी आहेत. ते तिला दर शनिवारी एक शब्द मागायला लागले. ती हरखली. तिचे शब्द शाळेत आजवर कुणी मागितलेच नव्हते. घरून विचार करून आणायची, अर्थ सुवाच्य अक्षरात लिहून घडी करून द्यायची. मग मोठे गुरुजीही आमच्यासारखेच ओळखायला बसत, आणि चिठ्ठ्या वाचायचं काम सगळ्यांत वयस्कर गुरुजी करत. शेवटी तिला आत बोलवायचं, ती खरा अर्थ सांगायची, आणि मोठे गुरुजी तो निळ्या पाठीच्या वहीत उतरवून घ्यायचे. म्हणजे त्या शब्दांचा शब्दकोश तीच होती.

एका शनिवारी ती चिठ्ठी देऊन लगेच निघाली. आईला, तिच्या भाषेत याडीला, ताप होता. शब्द होता, ढावलो.

तो मला ठाऊक होता. तिनंच आदल्या आठवड्यात सांगितला होता. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना माहेरच्या एकेका माणसाच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते. बापाला वेगळं, भावाला वेगळं, मैत्रिणीला वेगळं. ते आपोआप येत नाही, लग्नाआधी बायका बसवून शिकवतात, आणि तिची याडी तिला आतापासूनच शिकवायला लागली होती. पोरीचा भरवसा निवडीवर आणि आईचा ढावलोवर.

मला ठाऊक होतं, म्हणूनच मी थाप जास्त मन लावून लिहिली. लिहिलं, "लदेणीच्या वाटेवर सगळ्यांत पुढं चालणाऱ्या बैलाच्या पाठीवर टाकायची पांढरी झूल." बैलावरून माल वाहण्याला बंजारे लदेणी म्हणतात, तेही मला तिनंच शिकवलं होतं. तिनं विश्वासानं दिलेल्या एका शब्दाच्या जोरावर मी तिचा दुसरा शब्द मारला.

वयस्कर गुरुजींनी चिठ्ठ्या वाचल्या. तिची आली, "लग्नाआधी बायका नवरीला शिकवतात ते रडणं," तेव्हा सगळे खो खो हसले. मोठे गुरुजी म्हणाले की रडणं कधी कुणी शिकवतं का, ही थाप फारच उघडी आहे. झुलीवर मात्र पाचही हात वर गेले. पाचात मोठ्या गुरुजींचा हात सगळ्यांत आधी. माझी पाळी शेवटची. स्वतःच्या चिठ्ठीला मत द्यायचं नाही, असा नियम होता. मी हात वर केला.

"सहापैकी सहा, म्हणजे आपल्यातल्या कुणाची नाही," मोठे गुरुजी म्हणाले. मुलगी खुलासा करायला नव्हती, कोशात शब्द असायचा प्रश्न नव्हता, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला की सगळ्यांना पटलं तेच खरं, झुलीची चिठ्ठी त्या मुलीची. आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मग ते रडणं तुमचं का, बाई?"

मी हो म्हटलं. तिचं खरं मी माझं खोटं म्हणून पदरात घेतलं, आणि माझं खोटं तिच्या नावावर टाकलं. का? तर हा माणूस निळ्या वहीत माझी थाप झोकदार अक्षरात लिहून घेतोय, हे डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून. पुढच्या शनिवारी सगळ्यांदेखत उठून सांगायचं मी ठरवलं होतं, की गुरुजी, तुमच्या वहीत माझं कुत्रं शिरलंय. पण पुढच्या शनिवारी ते रजेवर गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी मला वाटलं, अजून थोडं मुरू द्यावं. गुपित जवळ बाळगायची चटक लागली. ते "मला, मला" करायला लागले की मी मनात म्हणायचे, झूल, झूल.

दिवाळीनंतर त्या वहीची पुस्तिका छापून आली. मोठ्या गुरुजींनी पदरमोड करून छापली होती, तांड्यांवर जाणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून. हेतू चांगला होता, हेही मी लिहिते. एक प्रत त्यांनी कौतुकानं माझ्या हातात ठेवली. मी पान काढून बघितलं. ढावलो, पांढरी झूल. तेव्हा तरी बोलायला हवं होतं की नाही? पण माझी नोकरी अजून कच्ची होती, आणि ती पक्की करायचा शेरा त्यांच्याच हाताचा. मी प्रत कपाटात कोंबली. इतरांवर चिडणं फार सोपं असतं, पण त्या वेळची मी मला आज भेटले तर मी तिच्या कानफटात मारीन.

निवडीच्या मुलाखती फाल्गुनात झाल्या. मोटारीनं मीच तिला यवतमाळला घेऊन गेले. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि सगळी वाट ती नद्यांची नावं पुटपुटत होती. आत तीन साहेब बसले होते. दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर बाकावर. गणित तिनं चोख सांगितलं. नद्या सांगितल्या. "मला" म्हणाली, एकदाही चुकली नाही. मग एक साहेब प्रेमानं म्हणाले की आता तुमच्याच बोलीतलं सोपं विचारतो, ढावलो म्हणजे काय?

मी उठले. माझा हात दारावर होता, हे मला नीट आठवतं.

तिनं मी शिकवलेल्या शुद्ध भाषेत उत्तर दिलं. लग्नात नवरी माहेरच्या माणसांच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्याला ढावलो म्हणतात, आणि बायका ते आधी शिकवतात. आत पुस्तिकेचं पान उलटल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, इथं तर बैलाची झूल दिली आहे. ती म्हणाली, ते चूक आहे. दुसरे साहेब म्हणाले, छापलेलं चूक? आणि मग तिची शुद्ध भाषा सुटली.

"हाव, चूक हाये. माही याडी मले शिकवून राह्यली न."

आत हसले. मोठ्यानं नाही, सभ्य माणसं हसतात तसं. माझा हात दारावर होता तो खाली आला. आत जाऊन मी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, ते मी लिहिलं, ती थाप आहे. त्या वाक्याला किती वेळ लागतो? मी बाकावर बसले. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. परतीच्या वाटेवर तिनं एकदाच विचारलं की पुस्तकात तसं कोणी लिहिलं असंल. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या गुरुजींच्या खोलीत गेले आणि सगळं ओकले. आवाज चढला होता माझा. तुम्ही हात मोजून अर्थ ठरवता, म्हटलं, सहा जणांपैकी एकाच्याही आईनं कधी ढावलो म्हटला नाही आणि जिच्या आईनं म्हटला तिला विचारायला तुम्हाला आठवडाभर दम निघाला नाही. ते पांढरे पडले. मग हळूच म्हणाले, "पण बाई, सहावा हात तुमचा होता."

खरं होतं. तोंडावर मारल्यासारखं खरं. शुद्धिपत्र काढा म्हटलं, तर म्हणाले की टोपीतून अर्थ काढले हे बाहेर कळलं तर सगळ्या पुस्तिकेचंच हसं होईल. तुम्ही तुमच्या सहीनं साहेबांना लिहा, मी अडवणार नाही. पत्र लिहायला मला चार दिवस लागले. एकेक वाक्य लिहायचे आणि नोकरी डोळ्यांपुढं यायची. पाचव्या दिवशी टपालात टाकलं. त्याच दिवशी यादी लागली होती, आणि यादीत ती नव्हती. तिच्या नावापुढचा शेरा नंतर तिथल्या एका कारकुनानं मला सांगितला. स्वतःच्या बोलीचंही ज्ञान नाही, वर उद्धट. माझ्या पत्राचं उत्तर कधी आलं नाही.

मी तांड्यावर गेले. ती कडुनिंबाच्या सावलीत बसून लग्नाच्या घागऱ्याला आरसे शिवत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, झूल माझी. तिनं सुई थांबवली नाही.

"काहून केलं, बाई?"

मोठ्या गुरुजींना फसवायला, मी म्हटलं. त्यांनी पोरांदेखत माझी जीभ सरळ केली होती, त्याचा राग होता.

तिनं दोरा दातानं तोडला. "मंग फसले का ते?"

ते पुढल्याच वर्षी बढतीवर दुसरीकडे गेले. मीही पक्की झाले. त्याआधीच, ठरल्याप्रमाणे वैशाखात मला लग्नाचं बोलावणं आलं. तिच्या बापानं स्वतः येऊन दिलं, पोरीनं मेहनत केली, बाईनं मेहनत घेतली, नशिबात नव्हतं, म्हणाला. त्याला तिनं काही सांगितलं नव्हतं. मी जाऊ नये असं मला वाटत होतं, पण न जाणं म्हणजे आणखी एक दार अर्धं उघडं सोडून बाकावर बसणं.

निघायची वेळ झाली. बंडी जुंपली होती. ती आरशांचा घागरा नेसून मांडवाखाली उभी होती, आणि मग सुरू झालं. आधी बापाच्या गळ्यात पडली. मी कधी ऐकलेलं नव्हतं. गाणं नव्हतं ते, आणि नुसतं रडणंही नव्हतं. सूर उंच जायचा, तुटायचा, पुन्हा तिथूनच उचलायचा. मला त्यातले चार-दोन शब्द कळले. तुझ्या वाड्याची वेल, तुझ्या विहिरीचं पाणी, असं काही. तो पक्का माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. मग भाऊ, मग याडी. याडीपाशी दोघींचा सूर एक झाला आणि कुठला कुणाचा ते समजेना. तिथं उभं राहून मला कळलं, की असं काही शिकवावंच लागतं, आपल्या आपण माणसाला ते पेलणार नाही. सहा शिकलेली माणसं याला हसली होती.

मग ती माझ्याकडे आली. मी तिची बाई, माझाही मान होता. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. आरसे माझ्या दंडाला टोचले. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, पण सूर येईना. बायका थांबल्या. मागून एक म्हातारी त्यांच्या बोलीत तिला म्हण म्हण म्हणाली. मीही वाट बघत होते. खोटं कशाला सांगू, मला तो हवा होता. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

तिनं डोकं वर केलं आणि सगळ्यांना कळेल अशा मराठीत म्हणाली, "बाईले काय गाऊ? बाईच्या पुस्तकात हे झूल हाये."

कुणी हसलं नाही. तिनं माझ्या गळ्यातले हात काढले, मागच्या म्हातारीच्या गळ्यात टाकले, आणि सूर लावला.